मोर्गाचा १६०९ चा ग्रंथ, रिझालच्या तळटीपा आणि माझ्याकडे आलेली एक प्रत

किनारा

नमस्कार. मी मूळचा वसईचा. नोकरीनिमित्त चार वर्षे मनिलात राहिलो आणि तिथे एका पुस्तकाचा नाद लागला, तो परत आल्यावरही सुटलेला नाही. त्या पुस्तकाविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. शेवटी एक अडचणही मांडणार आहे, कारण जुन्या छपाईची जाण असलेली मंडळी इथे आहेत.

पुस्तकाचे नाव ‘सुसेसोस दे लास इस्लास फिलिपिनास’, म्हणजे ‘फिलिपिन्स बेटांतील घडामोडी’. लेखक डॉक्टर आंतोनियो दे मोर्गा. हा डॉक्टर कायद्याचा. जन्म स्पेनमधल्या सेव्हिलचा, १५५९ चा. १५९५ मध्ये तो मनिलात लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून आला, १५९८ मध्ये तिथल्या ‘औदिएन्सिया’चा, म्हणजे स्पेनच्या राजाच्या उच्च न्यायालयाचा, न्यायाधीश झाला आणि १६०३ मध्ये मेक्सिकोला बदलून गेला. पुढे दक्षिण अमेरिकेतल्या कीटोच्या औदिएन्सियाचा तो अध्यक्ष झाला आणि १६३६ मध्ये तिथेच वारला. मेक्सिकोत असताना १६०९ मध्ये त्याने हे पुस्तक छापून घेतले. त्या काळी फिलिपिन्सचा कारभार मेक्सिकोमार्फत चाले आणि मनिलाहून निघालेले गलबत पॅसिफिक ओलांडून आकापुल्कोला लागे, त्यामुळे ग्रंथ मेक्सिकोत निघाला यात नवल नाही.

ग्रंथाची आठ प्रकरणे आहेत. पहिल्या सातांत एकेका गव्हर्नराच्या कारकिर्दीतल्या मोहिमा, बंडे, वादळे आणि तह येतात. आठवे प्रकरण मात्र वेगळे आहे. त्यात बेटे, माणसे, त्यांची घरे, होड्या, जेवणखाण, लिपी, कर्जाची आणि गुलामीची रीत, चिनी व्यापाऱ्यांची वस्ती आणि गलबतांत भरला जाणारा माल यांचे इतके बारकाईने वर्णन आहे की मला तर त्या प्रकरणासाठीच हे पुस्तक पुन्हा पुन्हा उघडावेसे वाटते. फिलिपिन्सविषयीचे त्या काळातले बरेचसे लेखन मिशनरी पाद्र्यांच्या हातचे आहे. मोर्गा हा पाद्री नव्हता, सरकारी अधिकारी होता आणि बरेचसे त्याने स्वतः पाहिले होते. म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन आहे.

पण मला खरे सांगायचे आहे ते पुढचे. १८८८ च्या मे महिन्यात होसे रिझाल हा फिलिपिन्सचा तरुण लेखक लंडनला आला. वय सव्वीस, नावावर एक कादंबरी, आणि ती मायदेशी अधिकाऱ्यांना इतकी खुपलेली की घरी राहणे धोक्याचे झालेले. लंडनमध्ये इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयाचे प्रमुख राइनहोल्ड रोस्ट यांच्याशी त्याची ओळख झाली. रोस्ट संस्कृतचे आणि आशियाई भाषांचे जर्मन पंडित. त्यांच्या ओळखीने रिझालला ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय खुले झाले. तिथे १६०९ च्या आवृत्तीची प्रत होती. रिझालने ती शब्दशः हाताने उतरवून काढली, सबंध पुस्तक, आणि मग दुसरे समकालीन ग्रंथ समोर ठेवून त्यावर टीपा लिहिल्या. पैसे देण्याचे कबूल केलेल्या स्नेह्याने ऐन वेळी माघार घेतली, तेव्हा पॅरिसच्या गार्निए बंधूंकडून त्याने ते स्वतःच छापून घेतले. शीर्षकपृष्ठावर १८९० साल आहे, प्रत्यक्षात पुस्तक १८८९ च्या अखेरीस बाहेर पडले. वरच्या बाजूला मोर्गा आणि खाली बारीक अक्षरात रिझाल, असे ते पान दिसते. वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या माणसाचे पुस्तक त्याच वसाहतीतल्या माणसाने एकही शब्द न गाळता पुन्हा छापले आणि त्याच्या तळाशी स्वतःच्या देशाचे म्हणणे मांडले.

एक उदाहरण देतो. आठव्या प्रकरणात मोर्गा म्हणतो की इथल्या लोकांना मासा कुजायला लागल्याशिवाय गोड लागत नाही. रिझालची टीप अशी आहे की ज्या अन्नाची सवय नाही त्याची किळस वाटणे हा सगळ्याच राष्ट्रांचा दोष आहे. मोर्गा ज्याविषयी बोलतो ते ‘बागोओंग’, म्हणजे मीठ घालून आंबवलेली मासळी होय, आणि ज्याने ते खाल्ले आहे त्याला ठाऊक आहे की ते कुजलेले नसते आणि नसावेही. मनिलात घरमालकिणीने आंबट कैरीच्या फोडींबरोबर पहिल्यांदा वाटीतले गुलाबी बागोओंग पुढे केले, तेव्हा मला घरच्या सुकटीच्या डब्याची आठवण झाली. तो डबा उघडला की नाक मुरडणारे पाहुणे आमच्याकडेही येत असत. त्या रात्री ही टीप मी पुन्हा वाचली.

आता अडचण. गेल्या वर्षी एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून मी रिझालच्या १८९० च्या आवृत्तीची प्रत मागवली. वर्णनात ‘पहिली आवृत्ती, मूळ छपाई’ असे स्पष्ट लिहिले होते आणि किंमतही त्याच मानाने घेतली. प्रत हाती आल्यापासून मनात शंका आहे. शीर्षकपृष्ठ, साल, प्रकाशकाचे नाव सगळे बरोबर आहे, पण कागद फार पांढरा वाटतो. ओळखावे कसे?

जुळारी

धागा फार मनापासून लिहिला आहे. माझी उमेद पुण्यात एका छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली, तेव्हा शंकेपुरते मी सांगू शकेन.

खिळाछपाईत प्रत्येक अक्षर कागदात किंचित रुतते. पान उजेडाच्या दिशेने तिरपे धरा आणि मागच्या बाजूने बोटाचे टोक हलकेच फिरवा. मूळ छपाई असेल तर ओळींचा उठाव बोटाला जाणवेल, विशेषतः पूर्णविराम आणि आडव्या रेघांच्या ठिकाणी. ऑफसेटवर छापलेले पान सपाट लागते, कारण तिथे कागदावर नुसती शाई बसते. दुसरी खूण भिंगाखाली दिसते. खिळ्याच्या अक्षराची कड शाई दाबली गेल्यामुळे जराशी गडद असते. छायाचित्र काढून छापलेल्या अक्षराच्या बारीक रेषा कुठे तुटतात, कुठे भरून येतात. तिसरी खूण सर्वांत सोपी आहे. ज्या प्रतीचे छायाचित्र घेतले तिच्यावरचे डाग, घड्या, कोणी समासात केलेल्या खुणा या सगळ्या पुनर्मुद्रणात काळ्या शाईने छापून येतात. समास नीट तपासा.

कागदाविषयी बोलायचे तर १८८०-९० च्या सुमारास युरोपात स्वस्त पुस्तकांसाठी लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास वापरला जाई. तो आता तपकिरी होतो आणि कडेने ठिसूळ पडतो. पांढरा, लवचीक कागद पाहून शंका येणे रास्त आहे, पण केवळ त्यावरून निकाल देऊ नये.

१६०९ च्या मूळ ग्रंथाविषयी एक गोष्ट मात्र मला राहवत नाही म्हणून लिहितो. तो मेक्सिकोत हेरोनिमो बालीच्या छापखान्यात निघाला आणि त्यावर मुद्रक म्हणून कोर्नेलियो आद्रियानो सेसार असे नाव आहे. हा सेसार मूळचा हार्लेमचा डच. ल्यूथरपंथी असल्याच्या आरोपावरून मेक्सिकोच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्यावर खटला चालवला होता आणि शिक्षाही दिली होती. मोर्गाच्या पुस्तकात डचांशी झालेल्या समुद्री लढाईचा मोठा वृत्तांत आहे. त्यातले डच ‘पाखंडी’ आणि ‘चाचे’ आहेत, आणि ते शब्द ज्याच्या छापखान्यातल्या हाताखालून गेले तो स्वतः पाखंडी ठरवला गेलेला डच कारागीर होता. मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्ये उलट्या खिळ्यांत वाचली आहेत. न पटणारा मजकूर जुळवताना हात कसा चालतो हे मला माहीत आहे, म्हणून त्या माणसाचा विचार मनातून जात नाही.

शोधयात्री

किनारा आणि जुळारी, दोघांनाही धन्यवाद. धाग्याची वाचनखूण साठवली आहे.

एक शंका मांडतो. रिझालने हे काम इतिहासकार म्हणून केले की देशभक्त म्हणून? स्वतःला हवे ते सिद्ध करण्यासाठी जुना ग्रंथ वापरला असेल, तर त्याच्या टीपांवर किती विसंबावे?

किनारा

ही शंका पुस्तकाच्या प्रस्तावनेतच घेतलेली आहे, आणि तीही रिझालच्या जिवलग मित्राने. प्रस्तावना लिहिणारे फेर्दिनांद ब्लुमेन्ट्रिट हे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातल्या लाइटमेरिट्झ गावातले शिक्षक. फिलिपिन्सला एकदाही न जाता त्या बेटांचे ते युरोपातले मोठे जाणकार झाले. त्यांनी रिझालची वाखाणणी केली आणि त्याच प्रस्तावनेत असेही लिहिले की सोळाव्या शतकातल्या माणसांची कृत्ये आजच्या मापाने तोलण्याची चूक तो काही ठिकाणी करतो. रिझालने ती टीका जशीच्या तशी छापली. स्वतःच्या पुस्तकाच्या तोंडावर स्वतःवरची टीका छापणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो.

पुढे फिलिपिन्समधलेच अभ्यासक इसाबेलो दे लोस रेयेस यांनी लिहिले की रिझालची देशभक्ती प्रशंसनीय असली तरी काही जागी ती त्याला अतिरेकाकडे नेते. यावर रिझाल चिडला आणि ‘ला सोलिदारिदाद’ या नियतकालिकात त्याने तिखट उत्तर दिले. इथे माझा कौल दे लोस रेयेस यांच्या बाजूने आहे. स्पॅनिश येण्यापूर्वी सगळे भरभराटीचे होते आणि नंतर उतरती कळा लागली, ही रिझालची मांडणी जागोजागी पुराव्याच्या पुढे जाते.

तरीही टीपांचे मोल कमी होत नाही, याचे कारण असे की त्यांतल्या पुष्कळशा टीपा मोर्गाच्याच शब्दांवर उभ्या आहेत. स्पॅनिशांनी मनिला घेतली तेव्हा तिथल्या राजाकडे तोफा होत्या आणि त्या ओतण्याची जागाही होती. इथले स्त्री-पुरुष जवळजवळ सगळेच आपल्या लिपीत लिहितात, आणि चांगले व शुद्ध लिहितात, असे मोर्गा स्वतः सांगतो. रिझालच्या काळातले पाद्री मात्र म्हणत की हे लोक रानटी होते आणि आम्ही त्यांना माणसांत आणले. त्यांना उत्तर देण्यासाठी रिझालला नवा पुरावा शोधावा लागला नाही. तो १६०९ पासून छापलेला होता, फक्त पुस्तक कोणाच्या हाती लागत नव्हते. ग्रंथ दुर्मीळ असणे म्हणजे काय, हे मला इथे कळले. किंमत वाढते हा त्यातला लहान भाग. एखादी गोष्ट लिहिलेली असूनही ज्यांच्याविषयी ती लिहिली आहे त्यांना तीन शतके वाचता येत नाही, हा मोठा भाग. १८६८ मध्ये स्टॅन्लेने हॅक्लूट सोसायटीसाठी त्याचे इंग्रजी भाषांतर केले होते, पण ज्यांना ते वाचायला हवे होते त्यांच्यातला शिकलेला वर्ग स्पॅनिश वाचत होता.

आणि रिझालची आवृत्तीही लवकरच दुर्मीळ झाली. फिलिपिन्समध्ये तिला बंदी होती. प्रती चोरून न्याव्या लागत आणि सापडल्या की जप्त होत. ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात रिझालला गोळ्या घातल्या गेल्या.

दीपमाळ

लिपीच्या उल्लेखावरून थोडी भर घालते. ती लिपी म्हणजे ‘बायबायिन’, आणि तिचे मूळ ब्राह्मी कुळात आहे. तिच्यात प्रत्येक व्यंजनात ‘अ’ धरलेला असतो. अक्षराच्या वर खूण केली की इ किंवा ए, खाली केली की उ किंवा ओ. देवनागरीची वेलांटी आणि उकार डोळ्यांपुढे आणले की हे चटकन कळते. आपल्या व्यवस्थेचीच ती एक दूरची, सुटसुटीत केलेली बहीण आहे. बांबूवर आणि झाडाच्या पानांवर लिहीत असल्यामुळे त्यातले फार थोडे उरले.

१५९३ मध्ये मनिलात लाकडी ठशांवरून छापलेल्या ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ या प्रश्नोत्तरीत स्पॅनिश आणि तागालोग मजकूर रोमन अक्षरांत आणि त्याच्या जोडीला बायबायिनमध्ये आहे. तिची ज्ञात असलेली एकमेव प्रत वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

पुस्तके नाहीशी होण्याचे मराठी वाचकांना जवळचे उदाहरण म्हणजे फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’. ते १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापले गेले, त्याच शतकात आणखी दोनदा निघाले, आणि त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांमुळे ग्रंथ वाचला. त्या मानाने मोर्गा नशीबवान म्हणायचा.

नाखवा

मी तीस वर्षे व्यापारी जहाजांवर काढली आहेत. मोर्गाच्या ‘सान दिएगो’ जहाजाविषयी मी मनिलात असताना ऐकले होते आणि तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यातल्या वस्तू पाहिल्याही होत्या. त्यामुळे मोर्गाच्या खरेपणाविषयी दोन शब्द लिहितो.

ऑलिव्हिए व्हान नोर्ट हा डच कप्तान पृथ्वीप्रदक्षिणा करत १६०० च्या अखेरीस मनिलाच्या तोंडाशी आला. मनिलात लढाऊ जहाजे नव्हती. घाईघाईने व्यापारी जहाजावर तोफा चढवल्या आणि सेनापती केले कोणाला, तर न्यायाधीश मोर्गाला! १४ डिसेंबर १६०० रोजी फॉर्च्यून बेटाजवळ लढाई झाली. मोर्गाने आपले जहाज सरळ डचांच्या ‘मॉरिशियस’वर नेऊन आदळले, दोन्ही जहाजे अडकली, काही तास झुंज झाली, आणि शेवटी ‘सान दिएगो’च बुडाले. शेकडो माणसे गेली. मोर्गा पोहून किनाऱ्याला लागला.

त्याच्या पुस्तकात हा प्रसंग वाचा. दोष दुसऱ्या जहाजावरचा आल्सेगा याचा आहे, तो मदतीला न येता डचांच्या लहान जहाजामागे गेला, असे तो लिहितो. शत्रूचा झेंडा घेऊन आपण पोहत आलो असेही तो सांगतो. व्हान नोर्टचा वृत्तांत वेगळा आहे. त्याची माणसे हिंमत हरून आत लपली, तेव्हा त्याने दारूगोळ्याला बत्ती देऊन जहाज उडवून देण्याची धमकी दिली आणि मग ती पुन्हा लढली. पाण्यात पडलेल्या स्पॅनिशांना डचांनी भाल्यांनी भोसकले हेही डचांनी लपवलेले नाही.

१९९१ मध्ये फ्रांक गोडिओ यांच्या पथकाला पन्नास मीटरहून अधिक खोलीवर ते जहाज सापडले. पुढच्या दोन वर्षांत त्यातून ३४,००० हून अधिक वस्तू आणि तुकडे वर आले. त्यांत चिनी निळीपांढरी भांडी, जपानी तलवारींच्या मुठींवरच्या चकत्या, मोठमोठे रांजण आणि तोफा आहेत. संग्रहालयात ते रांजण रांगेने मांडलेले पाहिले तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न आला: लढायला निघालेल्या जहाजात हे सगळे कशाला? इतका भार, तोही घाईत रचलेला, वर तोफा आणि माणसांची दाटी. असे जहाज वाऱ्याच्या झोताने एका अंगावर कलते आणि खालच्या तोफा पाण्याच्या इतक्या जवळ जातात की त्यांच्या झडपा उघडता येत नाहीत. हे समजण्यासाठी सेनापतीला समुद्राची जाण लागते, कायद्याची नव्हे. माझ्या मते दोष आल्सेगाचा कमी आणि मोर्गाचा जास्त. जो माणूस स्वतःच्या पराभवाविषयी इतके सावरून लिहितो, त्याचे बाकीचे लेखन कितपत खरे मानावे?

किनारा

नाखवा, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. लढाईविषयी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. मोर्गाने पुस्तक लिहिण्यामागे त्या दिवसाचा कलंक पुसणे हा एक हेतू होता, असे अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही तसेच वाटते.

पण जिथे त्याची अब्रू पणाला लागलेली नाही, तिथे तो वेगळाच माणूस आहे. धान्य कसे कुटतात, होडीचे तराफे कसे बांधतात, कर्ज फेडता आले नाही तर माणूस कोणत्या पायरीचा गुलाम होतो, चिनी जहाजे कोणत्या महिन्यांत येतात आणि त्यांतून मखमल, लोखंड, मोरंब्याच्या बरण्या, जिवंत पाळीव पाखरे असे काय काय उतरते, हे लिहिताना त्याला कोणाला दोष द्यायचा नसतो. तिथे न्यायालयात साक्षी नोंदवण्याची सवय त्याच्या उपयोगी पडली आहे. सहावे प्रकरण वाचताना वकील मोर्गावर नजर ठेवावी आणि आठवे वाचताना त्याच्या नोंदींवर विसंबावे, असे मी करतो.

जुळारी, आपण सांगितल्याप्रमाणे काल रात्री टेबलावरचा दिवा आडवा करून पाने तपासली. मागून बोट फिरवले तर काहीच लागत नाही, पान काचेसारखे सपाट आहे. भिंगातून पाहिले तेव्हा तळटीपांच्या बारीक अक्षरांत ‘ए’ची पोकळी बऱ्याच जागी भरून आलेली दिसली. आणि शेवटी समासात एके ठिकाणी पेन्सिलीची उभी रेघ सापडली. खोडरबर घेऊन हलकेच पुसून पाहिली, ती पुसली जात नाही. ती छापलेली आहे. म्हणजे माझ्याकडची प्रत छायामुद्रित पुनर्मुद्रण आहे. रिझालच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, १९६१ च्या आगेमागे, अशा प्रती निघाल्या होत्या, त्यांपैकी असावी. विक्रेत्याला सर्व पुराव्यानिशी लिहिले आहे. वाईट वाटले हे लपवत नाही.

जुळारी

वाईट वाटणारच. पैसे परत मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका आणि ती पेन्सिलीची रेघ असलेल्या पानाचे छायाचित्र जरूर पाठवा, त्यापुढे वाद उरत नाही. मूळ विक्रीवर्णनाचीही नक्कल जपून ठेवा.

ज्यांना नुसते वाचायचे आहे त्यांच्यासाठी: ब्लेअर आणि रॉबर्टसन यांच्या फिलिपिन्सविषयक पंचावन्न खंडांच्या मालेत मोर्गाचे इंग्रजी भाषांतर आहे आणि ते प्रोजेक्ट गुटेनबर्गवर विनामूल्य मिळते. त्यात रिझालच्या पुष्कळशा टीपाही घेतल्या आहेत. रिझालच्या आवृत्तीचे इंग्रजी भाषांतर एन्कार्नासिओन आल्सोना यांनी केले असून ते १९६२ मध्ये मनिलात निघाले.

पाचूबंदर

मीही वसईचाच, आणि आजवर या संकेतस्थळावर नुसता वाचक होतो. किनारा यांनी वसईचा उल्लेख केला, पण पुस्तकातल्या वसईचा केला नाही, म्हणून लिहितो आहे.

आमचे संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईचा, १५५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. लहानपणी ते जेझुइटांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा उत्तम शिकले, काही काळ व्यापार केला, आणि मनिलात येऊन फ्रान्सिस्कन बंधू झाले. १५९३ मध्ये मनिलाच्या गव्हर्नराने फ्राय (म्हणजे बंधू) पेद्रो बाउतिस्ता यांना राजदूत म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे पाठवले, तेव्हा दुभाषे म्हणून गोन्सालोच बरोबर होते. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे मनिलाचे गलबत जपानच्या किनाऱ्याला लागले, त्यातला माल जप्त झाला, आणि त्या प्रकरणातून संशय पेटून ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर देण्यात आले. त्यांत गोन्सालो होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. वसईत आम्ही हे लहानपणापासून ऐकत आलो, पण ते प्रवचनात आणि ओव्यांत.

माझा प्रश्न असा: मोर्गा त्या वेळी मनिलात होता. त्याच्या पुस्तकात आमच्या माणसाविषयी काय आहे?

किनारा

हा प्रश्न कोणीतरी विचारावा अशी मनातून इच्छा होती. मी सुरुवातीला लिहिले नाही, कारण तो भाग वाचताना मला दरवेळी थांबावे लागते.

सहाव्या प्रकरणात, गव्हर्नर फ्रान्सिस्को तेल्यो याच्या कारकिर्दीत, ‘सान फेलिपे’ची सगळी हकीकत आहे: वादळे, मोडलेले सुकाणू, जपानचा किनारा, मालाची जप्ती. मग क्रुसावर दिलेल्यांची नावे येतात. फ्राय पेद्रो बाउतिस्ता, फ्राय मार्टिन, मेक्सिकोचे फ्राय फेलिपे, आणि त्या ओळीत फ्राय गोन्सालो. गावाचे नाव नाही, आईवडिलांचा उल्लेख नाही, हिदेयोशीसमोर जपानीत बोलणारा हाच माणूस होता हेही तिथे सांगितलेले नाही. मोर्गाने मनिलाच्या कारभाराचा इतिहास लिहिला आणि त्यात गोन्सालोंच्या वाट्याला यादीतला एक शब्द आला. त्या शब्दाखाली एक तळटीप हवी असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे. आपण वर लिहिलेला परिच्छेद म्हणजे नेमकी तीच टीप आहे.

त्याच प्रकरणात एक पत्र आहे. क्योतोहून नागासाकीला चालवत नेले जात असताना, जानेवारीच्या थंडीत, फ्राय मार्टिन यांनी ते वाटेत लिहिले, आणि ते खुद्द मोर्गाच्या नावे आहे. सुरुवातीलाच ते डॉक्टरांचा निरोप घेतात आणि आपल्याला हे मरण लाभले याबद्दल देवाचे उपकार मानतात. माझ्या मते फ्राय गोन्सालो त्या वेळी त्यांच्यापासून काही पावलांवर चालत असणार. पण त्याच पत्रात पुढे ते मोर्गाला सावध करतात: सान फेलिपेच्या मालामुळे इथल्या राजाचा लोभ वाढला आहे, कोरियाच्या युद्धात गुंतल्यामुळे यंदा तो थांबला आहे, पण लुझोनवर, म्हणजे मनिला ज्यावर आहे त्या बेटावर, यायचा त्याचा विचार आहे, आधी र्युक्यू बेटे आणि फोर्मोसा (आजचे तैवान) घेऊन तिथून लुझोनच्या उत्तरेच्या कागायानवर आणि मग मनिलावर. मरायला निघालेला माणूस ओळखीच्या अधिकाऱ्याला शत्रूचा मार्ग कळवतो आहे. मोर्गाने हे पत्र जपून ठेवले, मेक्सिकोला नेले आणि बारा वर्षांनी छापले. सान दिएगोविषयी त्याच्यावर माझा कितीही राग असला तरी यासाठी मी त्याचा ऋणी आहे.

पाचूबंदर, हे पत्र आणि नावांची ती यादी मूळ स्पॅनिशवरून मराठीत करायला घेतली आहे. दोन-तीन शब्दांपाशी अडलो आहे. आपल्याकडे गोन्सालोंविषयीच्या ओव्या कोणाजवळ लिहिलेल्या असतील तर त्या इथे द्याव्यात, म्हणजे दोन्ही एका जागी राहतील.

पाचूबंदर

माझ्या आत्याकडे एक वही आहे. रविवारी जाऊन उतरवून आणतो.